साडीला शोभेल असा चाकू

राजकन्येच्या लग्नात हुंड्यावरून अडलं नव्हतं, मानपानावरून अडलं नव्हतं, मंडपावरूनही नाही. अडलं होतं ते एवढ्यावरच, की शनिवारी सासरी, जवळच्या मुरुडला लग्न, शुक्रवारी सकाळी लातुरात हळद, आणि हळद लागल्यावर तासाभरात चन्नबसप्पा सरांच्या क्लासमध्ये 'घर्षण'.

राजकन्या फिजिक्स शिकवायची. भूकंपाला पाचसहा वर्षं होऊन गेली होती. त्या काळात लातुरात पत्र्याच्या शेड फार उभ्या राहिल्या आणि क्लास फार उभे राहिले. चन्नबसप्पा सरांनी दोन्हींचा मेळ घातला होता. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीनएकशे पोरं मावत. उरलेली बाहेर मैदानात बसून भोंग्यावरून शिकत.

"मॅडम," सर म्हणाले होते, "सीईटीच्या आधीचं शेवटचं लेक्चर तुमचंच. आलात तर जूनची बॅच तुमची. न्हाई आलात तर हैदराबादचे एक सर तयारच हायेत. त्यांना काय हळद लागून राहिली न्हाई."

हा झाला नोकरीचा एक दरवाजा. दुसऱ्या दरवाजात होणारे सासरे व्यंकटराव उभे होते. सुनेनं लग्नानंतर घरी बसावं, असं त्यांचं मत होतं. नवरामुलगा हनुमंत लातुरातच पाटबंधारे खात्यात होता, आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत 'बघू' असं होतं. राहता राहिल्या सासूबाई, प्रयागबाई. त्यांनी मुरुडहून निरोप धाडला : "पोरीला क्लासला जायचं असंल तर जाऊ द्या. पर हळदीच्या अंगानं उंबरा वलांडायचा तर अंगाशी लोखंड पाहिजे. लोखंडाबिगर गेली तर मग नोकरीचं नावबी काढू नगा."

यात गैर काहीच नव्हतं. हळद लागलेल्या अंगाकडे भुताखेताचं वारं लवकर वळतं आणि वारं लोखंडाला भितं, हे मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरदेवाचं सोपं असतं, त्याच्या हातात कट्यार देतात आणि तो ती मिरवतो. नवरी घरातच बसलेली असते, म्हणून तिच्याजवळ काहीही ठेवलं तरी भागतं. नवरी फळ्यापुढे उभी राहून शिकवणार असेल तर काय करायचं, याचा विचार पूर्वजांनी केलेला नव्हता.

राजकन्या ज्या मावशीकडे राहायची त्या पंचफुलाबाईंनी मात्र तो लगेच केला. त्यांनी माळ्यावरून विळा काढला.

"मावशी, विळा घेऊन फळ्यापुढं उभी राहिले तर एकसुद्धा पोरगं डाउट विचारणार न्हाई," राजकन्या म्हणाली.

"मग बरंच हाय की. लवकर घरी येशील."

बरीच घासाघीस होऊन घडीचा चाकू ठरला. बारका, बंद होणारा, आणि साडीत दिसणार नाही असा. गुरुवारी दुपारी दोघी तो घ्यायला गंजगोलाईच्या बाजारात चांदपाशाच्या दुकानी गेल्या.

चांदपाशाच्या घराण्यात कुलपं, साखळ्या, कात्र्या आणि चाकू विकण्याचा धंदा निजामाच्या काळापासून होता. गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघून तो चाकू काढत असे. त्याने सवयीने विचारलं, "कोणत्या खिशात ठेवायचा? वरच्या का बाजूच्या?"

"खिसा न्हाई," पंचफुलाबाई म्हणाल्या.

चांदपाशाने हातातला चाकू खाली ठेवला. घराण्याच्या धंद्यात असा प्रश्न कधी आला नव्हता. "मग मौसी, ठेवणार कुठं?"

"ते तर तुमाला विचारायला आलो. साडीवर ठेवायचाय. नवरीच्या."

चांदपाशा अदबीचा माणूस. परक्या बाईच्या साडीत चाकू कुठे राहील याची चर्चा बाईकडे बघून करणं त्याला बरोबर वाटेना. तेव्हापासून पुढचं सगळं बोलणं तो समोर टांगलेल्या एका मोठ्या कुलपाकडे बघून करू लागला.

"साडीचा कलर काय?" त्याने कुलपाला विचारलं.

"पिवळी."

त्याने पिवळ्या मुठीचा चाकू काढला. पंचफुलाबाईंनी तो उघडला, पातं डोळ्यांजवळ नेलं. पात्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. "हे एवढं काहून चमकून राहिलंय?"

"स्टेनलेस हाय मौसी. नांदेडहून आणलेला माल. जिंदगीभर गंजणार न्हाई."

"गंजत न्हाई ते लोखंड कसलं?"

"मावशी, स्टेनलेसमध्येसुद्धा लोखंडच असतं," राजकन्येने समजावलं. "वर नुसतं क्रोमियम मिसळलेलं असतं."

"असंल. पर ते भुताला कोण शिकवणार? त्यानं थोडाच तुझा क्लास लावलाय!"

स्टेनलेसचे सगळे चाकू बाद झाले. आता साध्या लोखंडाचे उरले. पहिला एवढा जड निघाला, की राजकन्येने साडीवर धरून बघताच निऱ्या एका बाजूने खाली आल्या. दुसऱ्याला पेनासारखी पट्टी होती, ती पँटच्या खिशाला अडकते. साडीच्या काठाला ती अडकली, पण नवरी कंडक्टरसारखी दिसू लागली. तिसरा बटणाचा होता. चांदपाशाने तो स्वतःच परत ठेवला.

"ये लग्नाच्या घरी मी देणार न्हाई. बटन दबलं की खुलतो. पोलीसबी पकडतेत."

चौथा पंचफुलाबाईंना आवडला. त्यांनी तो स्वतःच्या कमरेला खोचला.

"एकदा चालून बघा मौसी," चांदपाशा कुलपाला म्हणाला.

मग चपलांच्या दुकानात चालतात तशा पंचफुलाबाई दुकानापासून आंब्याच्या गाड्यापर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. पुन्हा गेल्या. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. तिसऱ्या खेपेला आंबेवाल्याने हाक मारली, "ओ मावशी, तुमचा चाकू पडला इथं!"

"हाव, मुद्दामच पाडलाय," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि चाकू घेऊन आल्या. "ह्यो बी न्हाई. चालताना टिकत न्हाई."

एव्हाना तिथे जमलेल्या पुरुषांपैकी प्रत्येकाचं साडीतल्या चाकूविषयी काही ना काही मत झालं होतं. एकाने पर्स सुचवली.

"पर्स टेबलावर आन पोरगी फळ्यापशी," पंचफुलाबाईंनी त्याला झापलं. "मधल्या मधी वाऱ्यानं गाठलं तर तुमी येणार का सोडवायला?"

तो गृहस्थ नाहीसा झाला. शेवटी चांदपाशाने कुलपाला सांगितलं, की खिशाचा चाकू खिशाबिगर राहत नसतो, तेव्हा आतून एक खिसाच शिवून घ्यावा. आतून म्हणजे कशाला, ते त्याने उच्चारलं नाही. पण पंचफुलाबाईंना पटलं. परकराला, बरोबर नाडीच्या खाली, बोटभर खिसा शिवायचा. वरून साडी. बघणाऱ्याला काय, बघू नये त्यालाही दिसणार नाही.

आता बोटभर खिशात मावणारा, हलका आणि गंजणारा चाकू हवा होता. चांदपाशाने आयुष्यात पहिल्यांदा दुकानात गंजलेला माल शोधायला घेतला. मागच्या फळीवरून एक इवलासा, शिंगाच्या मुठीचा, कलमं करायचा चाकू निघाला. पात्यावर तांबूस गंज होता. पंचफुलाबाईंचा चेहरा उजळला.

"ह्याची स्प्रिंग जरा ढिल्ली हाय मौसी," चांदपाशा म्हणाला, आणि या वेळी कुलूप सोडून थेट त्यांच्याकडे बघून म्हणाला. "आपोआप खुलतो कधी कधी."

"खुलला तर खुलला. तिला काय तिथं कोथिंबीर निवडायची हाय?"

शुक्रवारी सकाळी मुरुडहून जीप आली. तीत उष्टी हळद होती, प्रयागबाई होत्या आणि पुढच्या सीटवर व्यंकटराव होते. प्रयागबाईंनी हळद लावली, खिसा तपासला, चाकू तपासला, गंज बघून समाधानाने मान हलवली. मग म्हणाल्या, "चला. मीबी येते. हळदीची नवरी एकली सोडत न्हाईत."

क्लासपाशी पोचल्यावर व्यंकटराव जीपमध्येच बसले. सुनेच्या क्लासात पाऊल ठेवणं म्हणजे नोकरीला मान्यता दिल्यासारखं होईल, असा त्यांचा हिशोब होता. प्रयागबाई आत जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर पोरींच्या शेजारी बसल्या. त्यांनी पदर सावरला, चंची सोडली आणि अडकित्त्याने सुपारी कातरत शिकायला लागल्या.

राजकन्येच्या गळ्यात माइक अडकवला. ती पिवळ्या साडीत, हळदीच्या हातांनी फळ्यापुढे उभी राहिली आणि शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या बाकावर लाल फीत बांधलेलं एक खोकं होतं. त्यात भिंतीवरचं घड्याळ आहे हे तिने ओळखलं. लातुरात मास्तरला दुसरं काही देत नाहीत.

पाऊण तास उत्तम गेला. मग उतरणीवरच्या ठोकळ्याची आकृती काढायला तिने हात उंच केला, आणि कमरेपाशी खट् असा बारीक आवाज झाला. खडू पडला म्हणून ती वाकली. उठताना तिला कळलं, की नाडी तुटली आहे.

पुरुष वाचकांसाठी इथे एवढं सांगितलं पाहिजे, की पाचवारी साडी ही दिसायला बाईच्या अंगावर असली तरी वास्तविक परकराच्या नाडीवर उभी असते. नाडी गेली की पाठोपाठ सगळंच निघतं. राजकन्येने डावा हात पदराखालून कमरेवर नेला आणि सगळा संसार मुठीत आवळून धरला.

"घर्षण नसतं," ती म्हणाली, "तर कुठलीच वस्तू जागेवर राहिली नसती."

हे वाक्य ती दरवर्षी शिकवायची. इतकं मनापासून ते कधीच निघालं नव्हतं.

तास संपायची घंटा झाली. पोरांनी वह्या मिटल्या. पहिल्या बाकावरची दोन पोरं खोकं घेऊन उठू लागली आणि एका पोराने कॅमेरा काढला. राजकन्येच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं चित्र उभं राहिलं. घड्याळ दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. एका हाताने घेतलं तर उद्धटपणा होतो, आणि दोन्ही हातांनी घेतलं तर काय होतं याचा फोटो निघणार होता.

"बसा!" ती म्हणाली. "अजून एक गणित."

पोरं बसली. एक गणित झालं, दोन झाली, चार झाली. बोलणं थांबलं की पोरं उठणार, म्हणून ती बोलत राहिली. पहिल्या बाकावरच्या नाजियाला खूण करून तिने जवळ बोलावलं. पण गळ्यात माइक होता. कानात काही सांगावं तर ते मैदानातल्या भोंग्यावरून मुरुडपर्यंत ऐकू गेलं असतं. म्हणून तिने डोळ्यांनी कमरेकडे इशारा केला. हुशार पोरगी, मेरिटची. तिने मॅडमचा घामेजलेला चेहरा बघितला, धावत गेली आणि पंखा पाचवर केला. आता पदरही उडू लागला. राजकन्येने तो कोपराने दाबला आणि स्थिर घर्षणाकडून गतिज घर्षणाकडे वळली.

दुसरा तास संपत आला तेव्हा चन्नबसप्पा सर येऊन दारात उभे राहिले. मग दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. "हळदीच्या अंगानं..." ते शेजारच्या पोराला म्हणाले, "कमरेवर हात ठेवून... काय तो कॉन्फिडन्स!"

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. शेजारच्या होस्टेलच्या हौदात पाणी सोडायला तो मागे मागे येत होता. ड्रायव्हरने मागचं बघितलं नाही, आणि टँकर शेडच्या खांबाला जाऊन धडकला. पत्रे थडथडले. फळा हलला. पंखे झुलायला लागले.

"हादरा!" कोणीतरी ओरडलं.

बाकीच्या महाराष्ट्रात असं झालं तर माणसं वर बघतात, एकमेकांकडे बघतात, काय झालं म्हणून विचारतात. लातुरात विचारत नाहीत. बाक उलटे झाले, दारं भरली, खिडक्या भरल्या. दोन मिनिटांपूर्वी जिथे तीनशे पोरं होती तिथे तीनशे वह्या होत्या. सर सगळ्यांत आधी मैदानात पोचले, कारण ते दाराजवळ बसले होते. व्यंकटराव मुळात उघड्यावरच, जीपमध्ये होते. पण पोरं पळताना दिसताच तेही जीपमधून उडी टाकून पोरांच्या पुढे पळाले.

शेडमध्ये राजकन्या एकटी उभी होती. पळावं तर साडी राहते, राहावं तर जीव जातो. तिने दोन्हींचा तौलनिक विचार केला आणि जागेवरच राहायचं ठरवलं.

मैदानाच्या कडेला पोचल्यावर प्रयागबाईंनी मागे वळून बघितलं. सून दिसेना. त्या आल्या पावली परत फिरल्या आणि पंखे झुलत होते त्या शेडमध्ये शिरल्या.

"अगं ये पोरी, पळ की!" त्या ओरडल्या, आणि मैदानातल्या भोंग्यातूनही ओरडल्या. माइक चालूच होता.

राजकन्येला खरं सांगायचं होतं. पण बाहेर सगळं लातूर ऐकत होतं. "आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "मी हितून हलणार न्हाई."

मैदानातली पोरं भोंग्याकडे वळली.

"आगं मरशील!"

"मेले तरी चालंल. जागा सोडायची न्हाई."

मैदानात दोन पोरी रडायला लागल्या. सरांनी टोपी काढली.

आत राजकन्येने डोळ्यांनी कमरेकडे इशारा केला. प्रयागबाईंनी खाली बघितलं. पदराखालची मूठ बघितली, त्या मुठीतून डोकावणारं नाडीचं टोक बघितलं. मेरिटच्या पोरीला जे तासाभरात कळलं नव्हतं, ते त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी तोंड उघडलं, माइककडे बघितलं आणि तोंड मिटलं.

मग त्यांनी पटकन पहिल्या बाकावरच्या खोक्याची लाल फीत सोडली, सुनेमागे उभ्या राहिल्या आणि फीत परकरावरून कमरेला गुंडाळली.

"श्वास आत घे," त्या म्हणाल्या.

बाहेर भोंग्यातून ते गंभीर शब्द आले. सर पोरांना म्हणाले, "ऐका! घाबरायचं न्हाई. श्वास आत घ्या."

"आता धरून ठेव... आजून... हां. सोड."

मैदानातल्या शेकडो पोरांनी एकदम श्वास सोडला. व्यंकटरावांनीही सोडला.

प्रयागबाईंनी निऱ्या खोचल्या, पदर नीट केला. मग बोटभर खिशातून तो चाकू काढला. पातं सताड उघडं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, सुनेने मान हलवली. त्यांनी चाकू मिटून आपल्या चंचीत टाकला आणि चंचीतला अडकित्ता काढून सुनेच्या कमरेला, फितीत खोचला. तोही लोखंडाचाच होता, आणि त्याची स्प्रिंग ढिली असण्याचा प्रश्न नव्हता, कारण त्याला स्प्रिंगच नव्हती.

दोघी बाहेर आल्या तेव्हा पोरं रांगा करून उभी होती. पोरांनी आतून आणलेलं घड्याळ राजकन्येने दोन्ही हातांनी घेतलं. फोटो निघाला. चन्नबसप्पा सरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की जूनचीच नव्हे तर दिवाळीनंतरचीही बॅच मॅडमची, आणि हैदराबादच्या सरांना आजच नकार कळवला जाईल. "भूकंपात न हललेली मॅडम दुसऱ्या कुठल्या क्लासात हाय, दाखवा म्हणावं!"

सगळे जीपपाशी आले. व्यंकटराव धोतरावरची माती झटकत होते. त्यांनी घसा खाकरला.

"सरांचं समदं बरोबर हाय. पर लग्न झाल्यावर सुनेनं क्लासला जायचं म्हंजे... आपल्या घरात ते..."

राजकन्या हातातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. प्रयागबाई जीपमध्ये चढत होत्या, त्या पायरीवरच थांबल्या.

"पत्रे हालले, पंखे हालले, सर पळाले, तीनशे पोरं पळाली," त्या म्हणाल्या. "ती जाग्यावरून हालली न्हाई, ह्या डोळ्यांनी बघून राहिले मी. ती आता तुमच्या म्हणण्यानं घरी बसंल व्हय?"

"आगं पर भूकंप झालाच न्हाई," व्यंकटराव हळूच म्हणाले. "टँकर धडकला म्हून सांगून राहिलेत लोक."

"मग तुमी कामून पळालते?"

जीप मुरुडच्या रस्त्याला लागली. नवरी आणि सासू मागे एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. व्यंकटरावांनी पुढच्या सीटवरून, मान न वळवता, विचारलं.

"जूनात कलास किती वाजता असतो म्हनं?"